श्री. ॲडमिन यांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. ॲडमिन,
देणगी नोंदणी विभाग (म्हणजे खिडकीजवळचा संगणक)

विषय : एका माणसाची अनेक माणसं केल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

आपलं खरं नाव ठाऊक नाही, म्हणून लॉगिनच्या नावानेच हाक मारते; राग नसावा. संस्थेच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीखाली ‘नोंद करणार’ असा एक रकाना असतो. कारभार हाती आल्यावर मी तो उघडून पाहिला. देणगीदार असो, किराणा दुकानदार असो की वसतिगृहाचं रंगकाम करणारा कंत्राटदार, सगळीकडे एकच नाव : ॲडमिन. सगळं कार्यालय एकाच लॉगिनवर चालत होतं आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. त्यामुळे आपण एक आहात की अनेक, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. देणगीदारांच्या बाबतीत मात्र आपण नेमकी उलटी करामत केलीत. स्वतः अनेक असून एक झालात, आणि ते बिचारे एकेकटे असून त्यांचे अनेक केलेत.

कंपन्यांमध्ये हे इतकं सुखाने झालं नसतं. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद ठेवली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. कलम ८ खालच्या ना-नफा कंपन्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. आपली संस्था पडली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास. तिला हा नियम नाही. असता तरी काय दिसलं असतं म्हणा! सकाळी अकरा वाजता ॲडमिनने जोशींना जन्म दिला, सव्वाअकरा वाजता ॲडमिनने त्याच जोशींना पुन्हा जन्म दिला.

जोशींचंच घेऊ. आडनाव बदललं आहे, माणूस खरा आहे. निवृत्त शिक्षक, दर वर्षी न चुकता देणगी देणारे. आपल्या यादीत ते असे नांदतात : ‘श्री. जोशी सर’, ‘व्ही. के. जोशी’, ‘जोशी व्ही के’, ‘जोशी काका वाचनालयवाले’, ‘जोशी फोनपे’ आणि ‘सौ. जोशी यांचे मिस्टर’. त्या सौ. जोशींची स्वतःची नोंद कुठेच नाही, फक्त त्यांच्या मिस्टरांची आहे. पत्तेही वेगवेगळे. एका नोंदीत ते बँकेच्या वर राहतात, दुसरीत बँकेच्या मागे, तिसरीत नुसतेच ‘बँकेजवळ’. बँक हललेली नाही आणि जोशी सरही. दिवाळीला एकाच पोस्टमनने एकाच दारात सहा शुभेच्छापत्रं टाकली. सरांनी एक ठेवून घेतलं आणि बाकीची पाच, पाकीट न फोडता, कार्यालयात आणून दिली. म्हणाले, “पुढच्या वर्षी वापरा. वरून वर्ष छापलेलं दिसत नाही.”

आता आपल्या लेखनशैलीविषयी. सॉफ्टवेअरमध्ये संबोधनासाठी वेगळी चौकट आहे, नावासाठी वेगळी आणि आडनावासाठी वेगळी. तीन-तीन चौकटी भरण्याचा भपका आपल्याला आवडत नसावा, कारण आपण सगळा ऐवज एकाच चौकटीत कोंबलात. परिणामी अकारविल्हे यादी काढली की निम्मी संस्था ‘श’ मध्ये सापडते : श्री. आपटे, श्री. गायकवाड, श्री. हळबे, सगळे हातात हात घालून. डॉक्टर मंडळी ‘ड’ मध्ये, प्राध्यापक ‘प’ मध्ये. कैलासवासी झालेले लोक ‘क’ च्या कृपेने जिवंतांच्या पुढे जाऊन बसलेत. ह.भ.प. मात्र तळाशी ‘ह’ मध्ये. वारकऱ्यांच्या नम्रतेला शोभेल अशी ही एकच गोष्ट आपल्या हातून घडली आहे.

वकिलांच्या नोंदी दुहेरी होण्याला थोडं कारण संगणकाचं आहे, ते न सांगणं अन्यायाचं होईल. ‘ॲड.’ मधलं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये अखंड एकच अक्षर म्हणून लिहिता येतं, किंवा ‘अ’ वर अर्धचंद्र चढवूनही. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. कऱ्हाडकरांच्या ‘ऱ्ह’चीही तीच गत. तो टाइप करायच्या दोन रीती आहेत, म्हणून एकाच घरात, एकाच आडनावाचे, एकमेकांना न ओळखणारे दोन कऱ्हाडकर तयार होतात. त्यात जुन्या फॉन्टमधली यादी युनिकोडमध्ये आणताना काही नावांचे काने-मात्रे वाटेत सांडले. हे सगळं मान्य. पण मोबाइल क्रमांकाच्या जागी दहा वेळा ९ चा आकडा दाबायला युनिकोडने सांगितलं नव्हतं.

तो एक वेगळाच अध्याय आहे. मोबाइल क्रमांक भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही, म्हणून आपण ९९९९९९९९९९ टाकून पुढे गेलात. एकदा नव्हे, मुहूर्त मिळेल तेव्हा. ई-मेलच्या जागी संस्थेचाच ई-मेल टाकलात. मग आम्ही ‘एकाच क्रमांकाच्या नोंदी शोधा’ असं सांगितल्यावर सॉफ्टवेअरने मोठ्या आत्मविश्वासाने कळवलं की गावातले दोन डॉक्टर, एक पिठाची गिरणी, महिला मंडळ आणि माजी सरपंच ही एकच व्यक्ती असून सगळ्यांचं एकत्रीकरण करावं. पॅनच्या चौकटीत तर आपण संवादच लिहून ठेवलेत : ‘देतो म्हणाले’, ‘घरी आहे’, ‘मुलगा पाठवेल’. तो मुलगा अद्याप पाठवतो आहे.

आपण हे सगळं आळसामुळे केलंत, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आळशी माणूस तयार नोंद वापरतो. नाव, पत्ता, फोन पुन्हा टाइप करायचे कष्ट वाचतात. पडद्यावर ‘शोधा’ आणि ‘नवीन’ अशी दोन बटणं शेजारी-शेजारी आहेत. ‘शोधा’ दाबलं की आडनावाची तीन अक्षरं टाकायची, आलेली यादी वाचायची, शंका आली तर समोरच्याला विचारायचं, “काका, मागच्या वर्षीही आपणच दिली होती ना देणगी?” यात एक मिनिट जातं आणि शेवटी हाती काय? जुनाच देणगीदार. ‘नवीन’ दाबलं की मात्र कोरी करकरीत व्यक्ती मिळते. आणि वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत काय छापलं जातं? ‘यंदा संस्थेशी जोडले गेलेले नवीन देणगीदार’. विश्वस्त टाळ्या वाजवतात, सीएसआरच्या प्रस्तावात तोच आकडा जातो, पुढच्या वर्षी त्याहून मोठा मागितला जातो. आपण मागणी तसा पुरवठा केलात. जोशी सर सहा वेळा जोडले गेले, आणि प्रत्येक वेळी नव्याने.

ही जोडणी किती महाग पडते, ते आता ऐका. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून देणगीदाराला ८०-जी ची आयकर सवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना फॉर्म १०-बीडी भरावा लागतो. कोणी, किती, कशा स्वरूपात दिले, हे देणगीदाराच्या ओळख क्रमांकासह आयकर खात्याला कळवायचं. मुदत ३१ मे. ते भरल्यावरच पोर्टलवरून देणगीदाराचं १०-बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय १०,००० ते १ लाख रुपये दंडाची तरतूद. म्हणजे पूर्वी संस्थेने छापील पावती दिली की काम भागत असे, आता पावतीमागची नोंदही धड असावी लागते.

२०२४-२५ चं विवरण आपल्याच यादीवरून गेलं. एका बाईंनी वर्षात तीन वेळा ५,००० रुपये दिले होते. आपण त्यांच्या तीन नोंदी केल्यात. एकीत पॅन बरोबर. दुसरीत दोन आकडे उलटसुलट, म्हणजे रचना अगदी शुद्ध, फक्त क्रमांक त्यांचा नाही. तिसरीत ‘घरी आहे’. बाईंच्या हाती प्रमाणपत्र आलं ५,००० चं. त्यांच्या सीएचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मॅडम, उरलेले दहा हजार संस्थेला मिळालेच नाहीत, की मिळाले आणि लिहिले नाहीत?” या प्रश्नाचं उत्तर काय द्यायचं, ते आपण कुठे लिहून ठेवलेलं नाही. सुधारित विवरण भरता येतं, ते भरलं. पण संस्थेबद्दल त्या क्षणी त्यांच्या मनात जे आलं, त्याचं सुधारित विवरण भरायची सोय पोर्टलवर नाही.

रोखीचं तर विचारू नका. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०-जी ला चालत नाही. पूर्वी ही मर्यादा १०,००० होती, २०१७-१८ पासून खाली आली. आपल्या यादीत वार्षिक सभेच्या दिवशी ‘जोशी सर’ रोख २,०००, ‘जोशी काका वाचनालयवाले’ रोख २,००० आणि ‘सौ. जोशी यांचे मिस्टर’ रोख २,००० अशा ओळीने पावत्या आहेत. वस्तुस्थिती अशी की सरांनी एक रक्कम स्वतःची दिली होती आणि दोन शेजाऱ्यांच्या वतीने आणून दिल्या होत्या. शेजाऱ्यांची नावं विचारायची तसदी कोणी घेतली नाही. लेखापरीक्षकाच्या नजरेला मात्र सहा हजारांचे हिशेबाने केलेले तीन तुकडे दिसले. आपल्या कृपेने गावातला सर्वांत सरळमार्गी मास्तर करचुकवा ठरता-ठरता राहिला.

आणि ‘एक हितचिंतक’, ‘मित्रमंडळ’, ‘नाव नको म्हणाले’ या आपल्या लाडक्या नोंदी? देणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवलेलं नसेल तर ती देणगी निनावी. धर्मादाय संस्थेकडे अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या, की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. गुप्तदानाचं पुण्य मोठं असतं खरं. ते कर भरूनही शिल्लक राहतं का, हे आपणच पाहावं.

पैशांचं सोडा. एक प्रसंग मात्र आपल्याला ऐकवल्याशिवाय राहवत नाही. एका गृहस्थांचं निधन झालं. मुलांनी वडिलांच्या नावाने संस्थेला देणगी दिली. आपण तत्परतेने ‘कै.’ लावून नवी नोंद केलीत. जुनी नोंद जिवंतच ठेवलीत, जन्मतारखेसह. वाढदिवसाचा मेसेज सॉफ्टवेअर आपोआप पाठवतं, आणि त्या नोंदीत घरचा म्हणून दिलेला क्रमांक त्यांच्या पत्नीचा होता. मुलाचा फोन आला. चिडलेला नव्हता, तेच जास्त अवघड गेलं. “मॅडम, सकाळी आईच्या फोनवर तुमचा मेसेज आला. तिचा चष्मा सापडत नव्हता म्हणून मला वाचायला दिला. बाबांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं लिहिलंय. मी म्हटलं, गॅसचा मेसेज आहे. तेवढं बंद करता येईल का?” मी लगेच बंद केलं. आपण दीर्घायुष्य चिंतलंत ती भावना चांगलीच होती; फक्त माणूस गेल्याचं आपल्याच दुसऱ्या नोंदीला माहीत होतं, पहिलीला कळवायचं राहून गेलं.

ही घाण उपसायला बसल्यावर संगणकाची देखभाल करणारा मुलगा म्हणाला, “ताई, हाताने कशाला? मशीनच शोधेल.” मशीनने शोधलं. सारख्या उच्चाराची नावं हुडकायची साउंडेक्स नावाची जुनी पद्धत आहे. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, पुढे तिथल्या जनगणनेच्या याद्याही तिने लावल्या. आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे. अमेरिकेतल्या आडनावांसाठी ठीक आहे. आपल्याकडे ती जोशी आणि जोग या दोघांनाही ‘जे-२००’ म्हणते. पाटील आणि पटेल दोघेही ‘पी-३४०’. उलट एकच वैद्य पावतीवर ‘व्ही’ने आणि बँकेत ‘डब्ल्यू’ने लिहीत असतील, तर पहिलं अक्षर वेगळं म्हणून ते दोन. तेव्हा मशीनवर सोपवलं असतं तर जोगांची देणगी जोशांच्या खात्यावर गेली असती आणि वैद्य जन्मभर स्वतःला भेटले नसते.

१९६९ मध्ये कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी या नोंदी जुळवण्याच्या कामाचं गणितच मांडलं. त्यांनी ढीग तीन केले : नक्की एकच, नक्की वेगळे, आणि मधला संशयाचा. मधला ढीग कारकुनाने डोळ्यांखालून घालावा, असं त्यांनीही सांगून ठेवलं. आपली संस्था अख्खीच्या अख्खी त्या मधल्या ढिगात आहे, याचं श्रेय आपलं.

आता आपण म्हणाल, एवढं काय, सारखी दिसणारी नावं एकत्र करून टाकायची. थांबा. आपल्या हातून आधी जे झालं तेवढं पुरे, आता हे नको. कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये एकदा एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सुट्या होत नाहीत. आणि सारखी दिसणारी सगळी नावं एकाच माणसाची नसतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडे रीत आहे. मग दोघांचं पहिलं नाव एक, आडनाव एक, घर एक. फक्त मधलं नाव वेगळं, आणि मधलं नाव आपण कधी लिहितच नाही. नवरा-बायकोचा मोबाइल एकच असतो, म्हणून त्यांचा पॅन एक होत नाही.

एका व्यापारी देणगीदारांच्या दोन नोंदींमध्ये नाव, पत्ता, फोन सगळं तंतोतंत सारखं होतं. एकत्र करायला हात शिवशिवत होता. तेवढ्यात पॅन पाहिला. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं : व्यक्ती असेल तर ‘पी’, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर ‘एच’, कंपनी असेल तर ‘सी’, न्यास असेल तर ‘टी’. एका नोंदीत ‘पी’ होता, दुसरीत ‘एच’. एकदा त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलं होतं, एकदा कुटुंबाचे कर्ते म्हणून. कायद्याच्या लेखी हे दोन वेगळे देणगीदार. आपण चुकून का होईना, इथे दोन नोंदी बरोबर केल्यात. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

पाचवं अक्षर व्यक्तीच्या आडनावाचं आद्याक्षर असतं. लग्नानंतर बाईंनी पॅनवरचं नाव बदलून घेतलं तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून सासरी गेलेल्या बाईंच्या पॅनमध्ये माहेरचं अक्षर बसून असतं. आपल्या यादीतल्या एक कु. भोसले आणि एक सौ. मोरे अशा जुळल्या. वसतिगृहात राहून शिकलेली मुलगी. पहिल्या पगारातून देणगी दिली ती भोसले म्हणून, पुढे दर वर्षी देते आहे ती मोरे म्हणून. आपल्या हिशेबी भोसले देणगीदार ‘सोडून गेलेली’ आणि मोरे ‘नवीन’.

परदेशातल्यांची गोष्ट आणखी नाजूक. परदेशी नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी होत नाहीत. त्याच माणसाने पुढे तिथलं नागरिकत्व घेतलं की होतात. मग ते विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घेता येतात. माणूस तोच, प्रेम तेच, कायदा वेगळा. अशी नोंद एकच ठेवायची. पण नागरिकत्व कधी बदललं त्याची तारीख तिच्यावर हवी, आणि त्यानंतरचा पैसा घेण्याआधी विचारायला हवं. आपण तिथे शेरा मारलात : ‘यूएसचे भाचे, चांगले आहेत’. चांगले आहेतच.

देणगीदारांचं झालं, आता घेणेकऱ्यांचं. मांडववाल्याच्याही आपण तीन नोंदी केल्यात : दुकानाच्या नावाची, मालकाच्या नावाची आणि मालकाच्या मुलाच्या नावाची, कारण बिल द्यायला मुलगा आला होता. कंत्राटदाराचं एक बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली, की टीडीएस कापायचा असतो. तीन नोंदींत विभागल्यावर कोणतीच बेरीज लाखाला पोचली नाही. टीडीएस कापला गेला नाही, आणि सभामंडपाचं एक बिल बापाच्या नावे आणि लेकाच्या नावे असं दोनदा दिलं गेलं. मांडववाला सज्जन म्हणून त्याने परत केलं. संस्थेचा कारभार मांडववाल्याच्या सज्जनपणावर चालावा, अशी आपली योजना असेल तर ती विश्वस्तांपुढे रीतसर मांडायला हवी होती.

तक्रार करून थांबायचं नाही म्हणून काय चाललं आहे तेही कळवते. सगळ्यांना वेगळे लॉगिन दिले आहेत. आधी पूर्ण डेटाचा बॅकअप, मगच हात लावायचा. दोन नोंदींतली जुनी ती मुख्य. नव्या नोंदीचा क्रमांक शेऱ्यात उतरवायचा म्हणजे जुनी पावती घेऊन कोणी आलं तर माग लागेल. पावती क्रमांकाला कोणी शिवायचं नाही. ज्या वर्षांची विवरणं भरून झाली, त्यांच्या रकमा परस्पर बदलायच्या नाहीत. चूक सापडली तर सुधारित विवरणच भरायचं. पॅन कार्डाच्या प्रतीवरून उतरवायचा, फोनवर ऐकून नाही, कारण ‘बी’, ‘डी’ आणि ‘पी’ फोनवर सख्खी भावंडं वाटतात. संशय असेल तिथे घरी फोन. आणि एकीने सुचवायचं, दुसरीने तपासून एकत्र करायचं. सुचवणारीने स्वतःच बटण दाबायचं नाही. मे महिन्यात यातलं काहीही करायचं नाही.

फोन केल्यावर एक गोष्ट कळली, ती आपल्याला पचायला जड जाईल. लोकांना हे माहीत होतं. “आम्हाला वाटलं तुमच्याकडे पद्धतच असेल,” असं एक आजी म्हणाल्या. त्या सासूबाईंच्या तिथीला दर वर्षी ५०१ रुपये देतात. कधी मुलगा आणून देतो, कधी सून फोनपे करते, कधी नात. आपल्या यादीत त्या कुठेच नाहीत. मुलगा आहे, सून आहे, नात आहे, तिघेही ‘नवीन’, तिघांनीही एकेकदाच दिलेलं. ज्या बाईने एक वर्ष चुकवलं नाही, तिचं नाव आपल्या एकाही नोंदीत नाही.

यंदाच्या सभेत देणगीदारांची संख्या खाली आलेली पाहून विश्वस्त हबकले. एकाने थेट विचारलं, “एवढे लोक का सोडून गेले?” मी यादी पुढे केली. सोडून कोणीच गेलं नव्हतं. रक्कम पैशा-पैशाने तीच होती. फक्त वर्षानुवर्षं ‘नवीन’ म्हणून मिरवलेली माणसं जुनी निघाली होती. दहा-दहा वर्षं देत आलेली, ज्यांच्यावर हे वसतिगृह उभं आहे ती माणसं. संस्थेकडे सांगण्यासारखी हीच एक मोठी गोष्ट होती, आणि फुगवलेल्या आकड्याखाली आपण तीच नेमकी गाडून ठेवलीत.

अध्यक्षांनी आता विचारलं आहे की अहवालाच्या पहिल्या पानावर ‘नवीन देणगीदार’च्या जागी काय छापावं. मी ‘पुन्हा देणारे’ असा रकाना सुचवला आहे. तो बटण दाबून वाढत नाही. त्यासाठी माणसाला नावाने ओळखावं लागतं, प्रमाणपत्र वेळेवर द्यावं लागतं आणि पुढच्या वर्षीपर्यंत वाट पाहावी लागते. त्यामुळे आपल्याला त्यात रस नसणार, हे मी समजू शकते.

आपली,
सध्याची हिशेबनीस
(स्वतःच्या लॉगिनवरून)